जुने नकाशे, पृथ्वीगोल आणि मालवणचा किनारा

जुने नकाशे आणि पृथ्वीगोल जमविणाऱ्या हौशी मंडळींचे एखादे प्रादेशिक संमेलन सिंधुदुर्ग जिल्ह्यात भरवावे, ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्यास काहीशी चैनीची वाटण्याचा संभव आहे. कारण आंब्याचा मोहोर, मासळीचा भाव आणि गणपतीतल्या गाडीचे आरक्षण हे तीन विषय सोडून चौथ्या विषयावर चार माणसे एकत्र बसविणे जेथे दुर्घट, तेथे तीनशे वर्षांपूर्वीच्या डच कागदावर वेंगुर्ल्याचे नाव कसे लिहिले आहे याची चिकित्सा करावयास कोण येणार, अशी शंका कोणीही घेईल. परंतु पश्चिम किनाऱ्याच्या ज्या भागांवर परक्या आणि स्वकीय अशा नाना हातांनी पुनःपुन्हा रेघा ओढल्या, त्यांत विजयदुर्गापासून रेडीपर्यंतच्या या पट्ट्याचा क्रम बराच वर लागतो, आणि त्या साऱ्या रेघा एका मेजावर मांडून पाहण्याचा योग आजवर क्वचितच आला आहे. म्हणून या प्रश्नाचा एकदा साकल्याने आढावा घेणे अप्रस्तुत होणार नाही.

अन्यत्र या छंदास संस्थेचे रूप येऊन बराच काळ लोटला. लिओ बाग्रोव या रशियन अभ्यासकाने १९३५ साली 'इमागो मुंडी' हे नकाशांच्या इतिहासाला वाहिलेले वार्षिक सुरू केले; व्हिएन्नात १९५२ साली कोरोनेल्ली या व्हेनिसच्या गोलकर्त्याच्या नावाने पृथ्वीगोलांच्या अभ्यासकांची स्वतंत्र संस्था निघाली; शिकागोतील मंडळी १९७६ पासून आणि लंडनची आंतरराष्ट्रीय संग्राहक-संस्था १९८० पासून चालत आली आहे. आपल्याकडे या विषयाला वाचकवर्ग मिळवून देण्याचे श्रेय मुख्यतः सुझन गोळे यांच्या ग्रंथांकडे जाते. भारताच्या प्रारंभीच्या छापील नकाशांवरील त्यांचा ग्रंथ १९७६ सालचा, आणि युरोपीय मोजणीपूर्वीच्या देशी नकाशांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९८९ चा. या दुसऱ्या ग्रंथाने हिंदुस्थानात नकाशे काढण्याची परंपराच नव्हती हा जुना समज बऱ्याच अंशी निकालात काढला. पुढे २०१५ साली हैदराबादच्या कलाकृती संग्रहातील नकाशांचे प्रदर्शन दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात भरले, तेव्हा जैनांच्या विश्वपटांपासून कंपनी सरकारच्या मोजणी-नकाशांपर्यंतचा सारा विस्तार सामान्य प्रेक्षकाला एका ठिकाणी पाहता आला. या साऱ्या उद्योगाचे केंद्र मात्र शहर हेच राहिले. ज्या किनाऱ्याचे चित्र कागदावर आहे, त्या किनाऱ्यावर तो कागद परत नेऊन ताडून पाहावा, हे कोणाच्या मनात फारसे आलेले दिसत नाही.

ताडून पाहण्यासारखे काय आहे, याचा विचार प्राचीन काळापासून करावा लागतो. पेरिप्लस या ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात चौलच्या दक्षिणेकडील बंदरांची एक मालिका आली आहे. त्यातील बायझँटियन म्हणजे विजयदुर्ग आणि सेसेक्रेयेनाई नावाची बेटे म्हणजे वेंगुर्ल्यासमोरचे खडक, असे काही विद्वानांनी अनुमान केले आहे. ही अनुमाने दुरून, ग्रंथालयात बसून झालेली आहेत, आणि तशा अनुमानांना जेवढे वजन द्यावे तेवढेच मी देतो. टॉलेमीच्या आधारे पंधराव्या-सोळाव्या शतकांत छापलेले नकाशे तर संग्राहकांचे विशेष आवडते. परंतु त्यांत भारताचे द्वीपकल्प जवळजवळ नाहीसेच होऊन सिंहलद्वीप अवाढव्य फुगलेले असल्यामुळे कोकणच्या माणसाला त्यांत स्वतःचे गाव शोधण्याचे काही प्रयोजन उरत नाही. दिवाणखान्याच्या भिंतीला ते शोभा देतात, एवढे खरे.

पोर्तुगीजांपासून चित्र पालटते. दों ज्वांव द कास्त्रू हा १५३८ साली गोव्याहून दीवकडे आरमारासोबत निघाला, तेव्हा त्याने वाटेतील प्रत्येक महत्त्वाच्या खाडीचे, मुखाशी असलेल्या खडकांचे आणि पाण्याच्या खोलीचे वर्णन लिहून ठेवले व त्यास बंदरांची चित्रे जोडली. त्याच सफरीत वसईनजीक होकायंत्राची सुई भलत्याच दिशेला झुकते असे आढळून आल्यावर त्याने त्याचा दोष यंत्राला न देता जवळच्या खडकांना दिला. चुंबकत्वाच्या स्थानिक विक्षेपाचे हे फार जुने निरीक्षण मानतात, आणि ते आपल्या किनाऱ्यावर झाले ही गोष्ट शालेय पुस्तकांत यावयास हरकत नव्हती. वेंगुर्ल्यासमोरील खडकांना पोर्तुगीजांनी 'जळकी बेटे' म्हटले आणि तेच नाव भाषांतरित होऊन इंग्रजांच्या सागरी तक्त्यांवर पुढे कित्येक पिढ्या टिकले. पोर्तुगीजांची ही माहिती गुप्त राखलेली असे. ती फुटली ती गोव्याच्या आर्चबिशपाच्या पदरी पाच-सहा वर्षे राहिलेल्या यान ह्यूगेन व्हान लिन्स्खोतेन या डच तरुणामुळे. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ साली अ‍ॅमस्टरडॅमात निघाला आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या आत डचांनी गोव्याच्या नाकासमोर, आदिलशाही अमलातील वेंगुर्ल्यास वखार घातली. त्या काळच्या युरोपीय वृत्तांतांत आणि नकाशांत वेंगुर्ले 'मिंग्रेला' या नावाने येते. खारेपाटण 'कारापातान' म्हणून येते. दाभोळ तर ठळक अक्षरांत येते. मालवणचा मात्र पत्ता नसतो, आणि असण्याचे कारणही नव्हते, कारण मालवणच्या बंदरात शिरण्याची वाट पाण्याखालच्या खडकांनी इतकी अडविलेली आहे की परक्या व्यापारी जहाजाने तिकडे वळावे असे त्यात काहीच नव्हते. नेमकी हीच अडचण शिवाजी महाराजांना सोयीची वाटली. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला आणि त्यानंतर युरोपीयांच्या कागदांवर या जागेची दखल घेतली जाऊ लागली. इंग्रज आपल्या लेखांत या बेटास 'मेलुंडी' म्हणतात, आणि १७६५ साली किल्ला काही काळ त्यांच्या हाती आला तेव्हा त्यांनी त्याचे 'फोर्ट ऑगस्टस' असे बारसे केले. पुढच्याच वर्षी किल्ला करवीरकरांना परत द्यावा लागला. ते नाव मात्र कागदोपत्री मागे राहिले, आणि जुन्या तक्त्यावर ते आढळले की तक्त्याचा काळ ओळखण्यास आयती खूण मिळते.

अठराव्या शतकात इंग्रजांचे लक्ष किनाऱ्याच्या शोभेकडून खोलीकडे गेले. १७५६ साली वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी घेरिया, म्हणजे आपला विजयदुर्ग, जिंकल्यावर त्या किल्ल्याचे आराखडे आणि चित्रे इंग्लंडात छापून निघाली. बाजारात आज या किनाऱ्यासंबंधी जे सुटे छापील कागद फिरतात, त्यांत घेरियाचे कागद आवर्जून दिसतात. पण खलाशाच्या उपयोगाचे काम मुंबई आरमाराच्या जॉन मॅक्क्लुअर याने १७८७ नंतरच्या काही वर्षांत केले, आणि त्याची मोजमापे अलेक्झांडर डॅलरिंपल या कंपनीच्या जलालेखकाने लंडनमध्ये कोरवून छापली. (हा मॅक्क्लुअर पुढे प्रशांत महासागरातील पलाऊ बेटांवर जहाजाचा अधिकार सोडून देऊन वस्तीस राहिला आणि अखेर परतीच्या प्रवासात समुद्रात नाहीसा झाला, दुसऱ्यांसाठी खडकांची जंत्री करणाऱ्याचा हा शेवट एखाद्या कादंबरीकाराने अद्याप कसा उचलला नाही, याचे नवल वाटते.) एकोणिसाव्या शतकात आल्फ्रेड डंडास टेलर याने पश्चिम किनाऱ्याची नौकानयन-मार्गदर्शिका सिद्ध केली. १८८० साली निघालेल्या रत्नागिरी व सावंतवाडीच्या गॅझेटियराने बंदरांच्या वर्णनासाठी तिचाच ठिकठिकाणी आधार घेतला आहे. या तक्त्यांवर एक जागा अशी आहे की जेथे पराभूताचे नाव विजेत्याच्या कागदावर कायम झाले: विजयदुर्गाच्या पश्चिमेस खोल समुद्रात जो बुडालेला प्रवाळमय उंचवटा आहे, त्यास विजयदुर्गाच्या आंग्र्यांवरून 'आंग्रिया बँक' म्हणतात आणि आजही तेच नाव चालते.

आता जमिनीकडे वळू. दक्षिण कोकणच्या मोजणीचा इतिहास हा एका माणसाचा इतिहास आहे, आणि त्या माणसाचे चरित्र इतके विलक्षण असूनही रत्नागिरी-सिंधुदुर्गात त्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. थॉमस बेस्ट जर्व्हिस हा मुंबई इंजिनियर्समधील अधिकारी १७९६ साली सिंहलद्वीपात जन्मला. पेशवाई बुडाल्यानंतर लगेच दक्षिण कोकणची मोजणी त्याच्याकडे आली आणि पुढचे सुमारे दशकभर तो डोंगर, खाड्या, गावे, धान्याची मापे आणि माणसांची संख्या यांची नोंद करीत या मुलखात हिंडला. त्याने कोकणच्या भौगोलिक व सांख्यिक वृत्तांताचे जे पुस्तक लिहिले ते १८४० साली प्रसिद्ध झाले. तत्पूर्वीच कंपनीच्या संचालकांनी, जॉर्ज एव्हरेस्ट याची प्रकृती ढासळली आहे असे समजून, त्याच्या पश्चात सर्व्हेयर जनरलच्या जागी जर्व्हिसची तात्पुरती नेमणूक करून ठेवली, आणि जर्व्हिसने लंडनच्या विद्वत्सभेत एव्हरेस्टच्या खात्याविषयी जाहीर भाषणे केली. एव्हरेस्ट जिवंत होता आणि संतापी होता. त्याने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना, म्हणजे ड्यूक ऑफ ससेक्स यांना, उद्देशून जी पत्रमालिका १८३९ साली छापली, ती शास्त्रीय वादंगातील कडवटपणाचा एक नमुना म्हणून आजही वाचावी. एव्हरेस्टने खुर्ची सोडली नाही, जर्व्हिसला ती मिळाली नाही, तो विलायतेस स्थायिक झाला. पण क्रिमियाचे युद्ध उद्भवले तेव्हा इंग्रज सेनेपाशी त्या प्रदेशाचा धड नकाशा नाही हे पाहून त्याने युरोपातून एक नकाशा मिळवून पदरच्या पैशाने छापून दिला, आणि १८५५ साली ब्रिटिश युद्धखात्याची जी स्थलवर्णन-शाखा स्थापन झाली तिचा तोच पहिला प्रमुख झाला. दोन वर्षांनी तो वारला. लष्करी नकाशांचे ते खाते उभारणाऱ्या माणसाची उमेदवारी कोकणच्या वाटांवर झाली होती, ही गोष्ट मालवणात भरणाऱ्या कोणत्याही नकाशा-संमेलनात पहिल्या दिवशी सांगितली जावी असे मला वाटते.

येथवर सांगितलेले सारे कागद परकीय हातांचे. संग्राहकाचा ओढा स्वभावतः त्यांच्याकडे असतो, कारण ते छापील आहेत, त्यांच्या अनेक प्रती आहेत, कोपऱ्यात देवमासे व जलपरी आहेत, आणि ते विकत मिळतात. स्वकीय नकाशा यांपैकी एकाही कसोटीस उतरत नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे (स्थापना १९१०) मराठा काळातील हस्तलिखित नकाशे आहेत. अशा नकाशांत उत्तर दिशा वरच असली पाहिजे असा दंडक नाही. किल्ला वरून पाहिल्याप्रमाणे न काढता समोर उभे राहून पाहिल्याप्रमाणे दरवाजे-बुरुजांसह काढलेला असतो. मोडी अक्षरे ज्या बाजूने वाट जाते त्या बाजूने फिरत असल्यामुळे वाचणाऱ्याला कागदाभोवती प्रदक्षिणाच घालावी लागते. आणि प्रमाण पाहू जाता ज्या गोष्टीचे महत्त्व मोठे तिचा आकार मोठा, हाच नियम दिसतो. कारकुनाने किंवा सरदाराने आपल्या कामापुरता काढलेला हा कागद आहे, आणि ज्याला ते काम कळेल त्यालाच तो कळेल. हद्दीचा तंटा, मोहिमेची वाट, नदीचा उतार यांपैकी प्रश्न कोणता होता हे शेजारच्या दप्तरातील पत्रांवरून ठरवावे लागते. सबब नकाशाचा अभ्यास दप्तराच्या अभ्यासापासून तोडता येत नाही, आणि केवळ डोळ्यांनी नकाशे पाहणारा संग्राहक येथे लंगडा पडतो.

समुद्रावरील देशी नकाशांची स्थिती याहून बिकट आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात १६६४ सालची 'मालम नी पोथी' आहे, म्हणजे नेमकी सिंधुदुर्गाच्या पायाभरणीच्या वर्षाची. ती गुजराती मालमांची, म्हणजे जहाजाची वाट दाखविणाऱ्यांची, आहे. मुंबईचे भूगोलाचे प्राध्यापक ब. अरुणाचलम् यांनी देशी नौकानयनातील तारे, वारे, अंतर मोजण्याची मापे आणि किनाऱ्याच्या खुणा यांचा मोठ्या चिकाटीने अभ्यास केला, आणि व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी १९७८ साली मुंबईत स्थापिलेल्या सागरी इतिहास संस्थेने त्या कामाला आश्रय दिला. आमच्या गाबीत तांडेलांनी असा लेखी वारसा ठेवला नाही. देवळाचे शिखर अमुक डोंगराच्या खांद्यावर आले आणि दुसऱ्या अंगाला किल्ल्याचा बुरूज अमुक खडकाशी जुळला म्हणजे खाली मासळीचा खडक आहे, अशी दोन रेषांची जुळणी तोंडी शिकविली जाते; भूमितीच्या दृष्टीने हा प्रकार जर्व्हिसच्या त्रिकोणांपेक्षा कमी शास्त्रीय नाही, आणि उपग्रहावर चालणारे यंत्र होडीत आल्यापासून तो झपाट्याने विसरला जात आहे. संमेलनात एखाद्या वृद्ध तांडेलास मॅक्क्लुअरच्या तक्त्यासमोर बसवून त्याच्याकडून चुका काढून घ्याव्यात. तेवढा एक कार्यक्रम झाला तरी सारा खर्च वसूल झाला असे मी म्हणेन.

आणखी एक वर्ग आहे ज्याला संग्राहक नकाशा मानावयासच तयार नसतो: महसुली मोजणीचे गावनकाशे, फाळण्या आणि टिपणे. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, काटकोन साधण्यासाठी शंकू, आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, या हिशेबाने गावोगाव जी मोजणी झाली तिचे मूळ कागद भूमि अभिलेखाच्या कचेऱ्यांत आणि त्यांच्या नकला कित्येक घरांतील पेट्यांत आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात या मोजणीस खोतांनी विरोध केला, त्यावरून दीर्घ वाद माजला आणि अखेर १८८० साली खोती जमिनींसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, ही हकीकत महसुलाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्या कागदांवर विहीर, देवराई, पाणंद, स्मशान सारे काही आहे. सौंदर्य नाही, परंतु वाडीवरच्या माणसाला आपले घर ज्यात सापडेल असा जुना नकाशा बहुधा हाच एक, आणि संमेलनाचा मंडप गावकऱ्यांनी भरावयाचा असेल तर तो याच नकाशाने भरेल.

प्रमाणित स्थलदर्शक नकाशांची गोष्ट थोडक्यात सांगतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पद्धतीत सोळावे अक्षवृत्त ही ४७ व ४८ या दोन क्रमांकांमधील सीमा आहे. ते कुडाळच्या किंचित दक्षिणेकडून जात असल्यामुळे मालवण ४७ एच मध्ये आणि वेंगुर्ले ४८ ई मध्ये पडते, आणि १ मे १९८१ रोजी जन्मलेला हा लहानसा जिल्हा दोन चौकटींत विभागला जातो. त्यातच सीमेलगतच्या व किनाऱ्यालगतच्या पट्ट्याचे नकाशे संरक्षणाच्या कारणाने दीर्घकाळ निर्बंधित असल्यामुळे येथील शिक्षकास स्वतःच्या गावाचा नकाशा मिळविणे दुष्कर होते. २००५ च्या नकाशा-धोरणाने बंधने काहीशी सैल केली आणि फेब्रुवारी २०२१ च्या आदेशांनी पुष्कळशी काढून टाकली. जुना छापील नकाशा लंडनच्या दुकानात मिळावा आणि नवा सरकारी नकाशा कणकवलीत मिळू नये, या विसंगतीत आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. भूगोलाविषयीच्या आपल्या अनास्थेची चर्चा करताना हा भाग विसरला जातो.

पृथ्वीगोलांच्या बाबतीत या किनाऱ्यापाशी दाखविण्यासारखे थोडे आहे. कोरोनेल्लीने चौदाव्या लुईसाठी बनविलेले जवळजवळ चार मीटर व्यासाचे गोल पाहावयास फ्रान्सला जावे लागते. आणि भारतीय हाताचा सर्वांत कुतूहलजनक गोल, १५७१ साली क्षेमकर्ण याने केलेला पितळी 'भूगोल', ज्यावर पुराणांतील द्वीपे व समुद्र कोरलेले आहेत, तो ऑक्सफर्डच्या विज्ञानेतिहास-संग्रहालयात आहे. तथापि मराठी मुलाला पृथ्वीचा गोलाकार गणिताने पटवून देण्याचा प्रारंभिक प्रयत्न ज्यांनी केला ते बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे. 'दर्पण'कार म्हणून त्यांची कीर्ती इतकी झाली की भूगोलावर व गणितावर लिहिणारा आणि कुलाब्याची वेधशाळा सांभाळणारा हा पुरुष झाकला गेला. गोल बनविण्याची क्रिया समजावून द्यावयाची झाल्यास मात्र जिल्ह्यात कारागीर हजर आहेत. छापील कागदाच्या बारा पाकळ्या, प्रत्येक तीस अंशांची, गोलावर ताणून चिकटवावयाच्या आणि त्यांवर रोगण द्यावयाचे, ही जी युरोपातील जुनी रीत, ती लाकडी फळे घडविणाऱ्या व लाखकाम करणाऱ्या सावंतवाडीच्या चितारआळीला अवघड वाटण्याचे कारण नाही.

राहता राहिला व्यवहार. शंभर वर्षांवरील कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरील ऐतिहासिक महत्त्वाची हस्तलिखिते यांना १९७२ चा पुराणवस्तू कायदा लागू होतो आणि त्यांची खासगी निर्यात होऊ शकत नाही. घरातला मोडी नकाशा पाहुण्याच्या बॅगेतून परदेशी धाडण्यापूर्वी हे ध्यानात असावे. जुन्या पुस्तकांतून पाने कापून ती सुटी विकण्याचा जो धंदा आहे, त्याला संग्राहकांनीच नकार देणे इष्ट, कारण पुस्तकातून सुटलेल्या पानाबरोबर त्याची तारीखही सुटते. आणि कोकणात खरा शत्रू चोर नव्हे. तो पावसाळा, वाळवी आणि कसर हा आहे. कापडावर चिकटवलेला नकाशा खळीमुळे किडीला विशेष प्रिय असतो, आणि गुंडाळी करून माळ्यावर ठेवलेला कागद तीन-चार पावसाळ्यांत घडीवर तुटतो.

म्हणून संमेलन दिवाळीनंतर व शिमग्यापूर्वी, हवा कोरडी असताना घ्यावे, आणि प्रदर्शनात मूळ कागदांपेक्षा उत्तम छायाप्रती मांडाव्यात. मूळ कागद ज्याचा त्याच्या घरी राहू द्यावा, परंतु त्याची नोंद मात्र त्याच मंडपात व्हावी: कोणत्या गावाचा, कोणत्या लिपीत, कशावर काढलेला, कोणाच्या ताब्यात आणि कोणत्या अवस्थेत, एवढ्या पाच रकान्यांची एक सूची, जी दर वर्षी वाढत जाईल. तिची एक प्रत पुण्याच्या मंडळाकडे आणि एक जिल्ह्यातील एखाद्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात असावी. मालकाचे नाव त्याच्या संमतीवाचून छापू नये, कारण हद्दीचा जुना नकाशा बाहेर आला की चालू दाव्यातील प्रतिपक्ष जागा होतो, आणि कोकणात असा दावा नसलेले घर शोधून काढणे कठीण आहे.